तिच्या बाईचं वकीलपत्र

बुधवारी दुपारी माझी मैत्रीण तिच्या कंपनीत मीटिंगमध्ये बसली होती. तिने पाणी मागितलं. पाणी आलं तेव्हा ती गेली होती. शुक्रवारी ती माझ्याकडे येणार होती.

हे मी पुन्हापुन्हा लिहून पाहिलं. त्यात घालण्यासारखं काही मला सापडलं नाही.

आम्ही तिघी कॉलेजच्या वसतिगृहातल्या मैत्रिणी. पुढे पुण्यातच तीन टोकांना राहायला गेलो आणि एकमेकींना भागाच्या नावाने हाक मारायला लागलो. ती हडपसर, दुसरी वारजे, मी बिबवेवाडी. "काय बिबवेवाडी, जिवंत आहेस का?" अशी तिच्या फोनची सुरुवात असे. ती यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत विभागप्रमुख होती. वारज्याची बँकेत बऱ्याच वरच्या जागेवर आहे. मी एका कॉलेजात ग्रंथपाल. बोलण्याचं काम त्या दोघींचं, ऐकण्याचं माझं, अशी वाटणी वसतिगृहातच झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्या दोघी कामावरून थेट माझ्या घरी येत. मी एकटी राहते, त्यामुळे माझ्याकडे कुणाच्या जेवणाची घाई नसते. इमारत जुनी, लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारातल्या काकूही येत. काकूंनी सत्तरी ओलांडली आहे. त्या कुणाचं मन राखायला म्हणून काही बोलत नाहीत. चौघी मिळून आम्ही एक मालिका बघायचो. दर शुक्रवारी तिचा नवा भाग यायचा. तीन मैत्रिणींची गोष्ट होती. एक मोठ्या कंपनीची प्रमुख, एक सर्जन आणि एक वकील. तिघीही आपापल्या कामात खूप पुढे गेलेल्या. घरं मोठी, साड्यांना दिवसभरात एक चुणी पडत नाही.

"यांच्या घरात वाळत घातलेले कपडे कधी दिसत नाहीत," काकू म्हणायच्या. "धुतात की टाकून देतात, कोण जाणे."

पहिल्याच भागात कंपनीची प्रमुख मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला पोहोचू शकत नाही. मूल स्टेजवरून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतं. काकू म्हणाल्या, "मूल कशाला जन्माला घालायचं मग? मीटिंगा घ्यायच्या नुसत्या."

हडपसरची खुर्चीत ताठ बसली. "मी हिचं वकीलपत्र घेतलं. बोला काकू, आरोप काय आहे?"

तिथून तो आमचा रिवाज झाला. वारज्याने सर्जनबाईचं वकीलपत्र घेतलं. वकीलबाई माझ्या वाट्याला आली, म्हणजे वकिलाची बाजू मांडायला ग्रंथपाल, यावर त्या दोघी बराच काळ हसत होत्या. काकू कायमच्या फिर्यादी. भाग संपला की चहा, आणि चहा होईपर्यंत आपापल्या बाईची बाजू मांडायची. तिने काहीही केलेलं असो, तिला वाऱ्यावर सोडायचं नाही. मध्येच बाई बदलायची नाही. हडपसरची यात फार तयार होती. तिच्या बाईने सासूच्या ऑपरेशनच्या दिवशी परदेशी पाहुण्यांना जेवायला नेलं, तेव्हाही तिने काकूंना पुरतं निरुत्तर केलं होतं. "सासूला भूल दिलेली होती, काकू. ती शुद्धीवर यायच्या आत सून परत आली. पाहुणे मात्र शुद्धीवर होते, त्यांना कोण बघणार?" काकूंनी कप खाली ठेवून "जा, सुटलीस" असं म्हटलं होतं.

त्या शेवटच्या काही शुक्रवारी ती डावा हात जबड्याखाली धरून बसायची. दाढ दुखतेय म्हणाली. दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. काकूंनी लवंग आणून दिली, ती तिने चघळली आणि "बरं वाटतंय" असं म्हणाली. ती गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, जबडा दुखत होता का, जिना चढताना थकायच्या का. त्याने आम्हाला विचारलं. दाढ ठीकच होती. दुखत होतं ते हृदय.

माझी भीती त्या प्रश्नापासून सुरू झाली.

समाचाराला गेलो तेव्हा मी आणि वारज्याची भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलो होतो. बायका येत होत्या, तिच्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि आमच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "कशाला गं एवढी धावपळ करायची? काय कमी होतं घरात?" दुसरीने मान हलवली. "त्या मालिकेतल्या बाईसारखीच होती ती, नाही का? घर नोकरांवर आणि ही बाहेर." त्या बायका काही वाईट नव्हत्या. रडूनच आल्या होत्या. पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून त्या मालिकेतल्या बाईबद्दल बोलत होत्या, आणि खोलीत सगळ्यांना ते समजत होतं. तिचा नवरा उठून आत गेला. वारज्याने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. मला दुसरं काही येत नाही. आमच्या ग्रंथालयात वैद्यकाची पुस्तकं थोडी आहेत, ती सगळी मी टेबलावर आणून ठेवली. बायकांमध्ये हृदयाचा त्रास छातीत दुखूनच येतो असं नाही, असं त्यांत लिहिलं होतं. पाठीत दुखतं, जबड्यात दुखतं, मळमळ होते, नुसता थकवा येतो. मी ते परिच्छेद एखाद्या परीक्षेसाठी वाचावेत तसे वाचले. त्याचा परिणाम असा झाला की मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. पुस्तकं परत करायला आलेल्या प्राध्यापिका पाठीला हात लावून उभ्या राहिल्या की शिक्का मारायचं सोडून मी त्यांच्या हाताकडे बघायची. फोन वाजला की आधी मी तो नुसता बघत राहायची. वारज्याचं नाव दिसलं की आणखी भीती, कारण हडपसरची गेल्याचा फोन तिनेच केला होता. ती "अगं, काही नाही, सहजच केला" असं म्हणेपर्यंत मी खुर्चीत बसत नसे. जिवंत आहेस का, हा प्रश्न आम्ही दोघींनीही पुन्हा कधी विचारला नाही.

शुक्रवार पुन्हा सुरू करायचे हे वारज्यानेच ठरवलं. मी नको म्हणत होते.

"तिच्या बाईचं पुढे काय होतं ते बघायला नको?" ती म्हणाली. "मधेच सोडलेलं तिला आवडायचं नाही."

ती आली, आणि मी तिची पावलं ऐकली. आमच्या जिन्यात आवाज घुमतो. कोण येतंय ते मला दार न उघडता कळतं. वारज्याची चाल वसतिगृहापासून तीच आहे, टाचा आपटत, भरभर. त्या दिवशी पावलं पहिला मजला भरभर चढली. दुसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली. मी दाराच्या आत उभी होते. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग पुन्हा पावलं, हळू. दार उघडलं तर तिच्या हातात फोन होता.

"कुणाचा फोन होता?"

"मेसेज बघत होते. बँकेचं काहीतरी."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच. दुसरा मजला, शांतता, मग हळू पावलं आणि हातात फोन. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. मला माहीत होतं आणि मी विचारत नव्हते. एकदा चहा देताना मी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले असेन. ती म्हणाली, "तू पुस्तकं वाच. माझी नाडी नको वाचूस." काकू हसल्या. मीही हसले. विचारलं तर ते खरं होईल अशी काहीतरी माझी समजूत झाली होती. शिकल्यासवरल्या बाईला न शोभणारी समजूत, पण होती. विचारलं नाही तोवर ती जिना चढून वर येत होती. मला तेवढं पुरत होतं, आणि तेवढंही एखाद्या शुक्रवारी होणार नाही, ही भीती आठवडाभर माझ्याबरोबर कॉलेजात यायची आणि जायची.

मग मालिकेत तो भाग आला.

कंपनीची प्रमुख काचेच्या खोलीत लोकांसमोर उभी आहे. तिच्या छातीत कळ येते. ती टेबलाचा कोपरा धरते, हसते, "सॉरी, पुढे जाऊ या" असं म्हणते. नंतर प्रसाधनगृहात आरशासमोर उभी राहून पर्समधली ॲसिडिटीची गोळी घेते. तिच्या मैत्रिणीचा फोन येतो तर म्हणते, "काही नाही गं, दुपारचं जेवण राहिलं." तिथे भाग संपला.

 टीव्हीवर पुढच्या भागाची झलक येऊन गेली, ती कुणी नीट पाहिली नसावी. मी चहा टाकायला उठले. काकूंना हल्ली भागाखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायची सवय लागली होती. भाचीने त्यांच्या फोनवर ते कसं बघायचं ते शिकवलं होतं. त्या चष्मा सरकवून मोठ्याने वाचायला लागल्या.

"बरं झालं, आता तरी घरी बसेल. – एवढी शिकली आणि एवढी अक्कल नाही. – नवऱ्याचं काय चुकलं होतं म्हणून अशी बायको मिळाली. – हिला आता मारून टाका आणि डॉक्टरीण दाखवा, ती तरी बरी आहे."

"काकू, पुरे," मी आतून म्हणाले.

"मी कुठे लिहिलंय? लोकांनी लिहिलंय." काकूंनी फोन पालथा घातला. मग त्याच म्हणाल्या, "तिचं वकीलपत्र आता कुणाकडे?"

हा प्रश्न आम्ही इतके शुक्रवार टाळला होता. त्या बाईबद्दल कुणी बोललंच नव्हतं. तिची बाजू घेणारी नव्हती, म्हणून काकूंनीही तिच्यावर आरोप केला नव्हता. मी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिले.

"माझ्याकडे," वारज्याची म्हणाली.

"तुझ्याकडे डॉक्टरीण आहे. बदलायचं नाही असं ठरलंय."

"बदलत नाहीये. दोन्ही घेते. तिची अशील आहे, तिला रस्त्यावर सोडू का?"

"घे मग. आरोप असा की एवढी शहाणी बाई, छातीत कळ येते आणि गोळी खाऊन गप्प बसते. हा मूर्खपणा आहे. बोल."

वारज्याने हात मांडीवर ठेवले. हडपसरची बोलायला सुरुवात करण्याआधी तसेच ठेवायची.

"मूर्खपणा नाही," ती म्हणाली. "तिला कळतंय. तिला पहिल्या दिवसापासून कळतंय. पण एकदा दवाखान्यात गेली की ती कंपनीची प्रमुख राहत नाही काकू, आजारी बाई होते. पुरुषाला झटका आला की लोक म्हणतात, किती काम करायचा बिचारा. बाईला आला की म्हणतात, कुणी सांगितलं होतं एवढं करायला? आपण ऐकलंय ते. भिंतीला टेकून बसून ऐकलंय. तिची मुलगी तिथेच बसली होती." तिने काकूंकडे पाहिलं. "मग ही ठरवते, ते वाक्य आपल्या मुलाच्या कानावर पडू द्यायचं नाही. ऑडिट संपू दे, मग बघू. दिवाळी होऊ दे, मग बघू. गोळीने बरं वाटतं. कळ काही रोज येत नाही. जिना चढताना तेवढी येते. तेव्हा मधे थांबायचं, फोन काढायचा, म्हणजे कुणी बघितलं तर काम करतेय असं वाटतं. आणि श्वास खाली बसला की पुढे जायचं. यात मूर्खपणा काय आहे? ती सांभाळतेय."

काकूंनी चष्मा काढला.

"मालिकेत जिना कुठे आहे गं?" त्या म्हणाल्या. "ती बाई लिफ्टने जाते."

  वारज्याची माझ्याकडे बघत होती, आणि मी पहिल्यांदा नजर काढून घेतली नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं. 

"ती असतानापासून," ती म्हणाली. "तिला सांगणार होते. तिची दाढ दुखत होती, म्हटलं आधी तिचं होऊ दे."

 मला आठवतं ते एवढंच की हातात गाळणी होती आणि ती कुठे ठेवावी ते मला सुचत नव्हतं.

काकू उठल्या, आपल्या घरी गेल्या आणि पायात चप्पल घालून, पिशवी घेऊन परत आल्या. "मी खाली जाऊन रिक्षा थांबवते. तुम्ही दोघी हळूहळू उतरा."

"काकू, सोमवारी ऑडिट आहे. मंगळवारी नक्की जाते, तुमची शपथ."

"माझी कशाला? माझं झालंय सगळं." काकूंनी दार उघडं धरलं. "आणि ते वाक्य म्हणतेस ना, ते मेल्यावर ऐकू येत नाही. जिवंत राहिलीस तर रोज तोंडावर ऐकवीन. चल."

जिना उतरताना मी तिच्या एक पायरी पुढे होते, मागे तोंड करून, जणू ती पडली तर मी तिला झेलणार होते. ती म्हणाली, "अगं, तूच पडशील." दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, सवयीने पर्सकडे हात गेला आणि तिथेच राहिला. फोन काढायचं आता कारण नव्हतं. ती कठड्याला धरून नुसती उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. ते मला फोनपेक्षा जास्त भयंकर वाटलं.

रिक्षात ती मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. संध्याकाळची गर्दी होती आणि रिक्षा चौकाचौकात अडत होती. काकू प्रत्येक सिग्नलला रिक्षावाल्याला "दादा, बघा जरा" एवढंच म्हणत होत्या. मी तिचा हात धरला होता आणि माझा अंगठा तिच्या मनगटावर होता. नाडी लागत होती. माझं सगळं लक्ष त्या अंगठ्यात जाऊन बसलं होतं. एखादा ठोका जरा लांबल्यासारखा वाटला की डोळ्यांसमोर पाणी मागणारी हडपसरची दिसायची. पाणी मागू नकोस, असं मी मनात म्हणत होते. काहीही माग, पाणी मागू नकोस.

"वाचतेयस ना शेवटी नाडी," ती म्हणाली.

दवाखान्यात तिला आत नेलं, तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पट्टी पाहिली आणि आमच्याशी न बोलता आधी आत कुणाला तरी हाक मारली. ती हाक मला आजही ऐकू येते. मग बाहेर येऊन म्हणाली की यांना ठेवून घेतोय, घरच्यांना बोलवा. वारज्याचा नवरा आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. "अहो, मला काहीच बोलली नाही ती," तो मला सांगत होता. "सकाळी डबा भरून गेली. तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हटलं, "पावलांवरून वाटत होतं." त्याला त्याचा अर्थ लागला नाही आणि मला तो सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून आत जाळीची नळी बसवली. आणखी थोडे दिवस गेले असते तर, असं मोठे डॉक्टर बोलायला लागले आणि काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. "ते नका सांगू. हिला झोप लागत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भेटायला आत सोडलं तेव्हा वारज्याची उशीला टेकून बसली होती. बँकेतून दोघं येऊन गेले होते.

"म्हणाले का कुणी?" काकूंनी विचारलं.

"म्हणाले. एवढं कशाला करता मॅडम, असं."

"मग? मेलीस का?"

"नाही."

"मग झालं," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून मोसंबी काढून सोलायला बसल्या.

मालिका नंतर संपली. त्या बाईचं काय झालं ते मी पाहिलं नाही. काकूंनी पाहिलं. त्या सांगायला आल्या तेव्हा मी नको म्हटलं. वारज्यानेही विचारलं नाही. ती म्हणाली, खटला आपण जिंकलोय, निकाल कशाला वाचायचा. मला तसं वाटत नाही. हडपसरची असती तर तिने शेवटपर्यंत पाहिलं असतं आणि फिर्यादीला एक शब्दही सुखाने बोलू दिला नसता.

वारज्याची पुन्हा कामावर जाते. दवाखान्यातून आल्यावर मी तिला म्हटलं होतं की शुक्रवारी मीच तिच्याकडे येत जाईन, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. ती म्हणाली, डॉक्टरांनी जिना हळू चढायला सांगितलाय, सोडायला नाही. काकूंनी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल नेऊन दुसऱ्या मजल्यावर ठेवलं आणि कुणी हलवू नये म्हणून जुन्या ओढणीने कठड्याला बांधून टाकलं. सोसायटीतल्या एकांनी जिन्यात सामान ठेवायचं नसतं असं सांगितलं, तेव्हा काकूंनी त्यांना बसून बघायला सांगितलं. तेही पासष्टीचे आहेत. हल्ली बाजारातून येताना ते पिशव्या घेऊन तिथे बसलेले दिसतात.

माझी भीती गेलेली नाही. ती कमी होईल असं लोक सांगतात, आणि मी मान हलवते. फोन वाजला की अजून आधी नुसती बघते. जबड्याला हात लावून बसलेली कुणी बाई दिसली की मी तिला विचारते, अगदी अनोळखी असली तरी. बहुतेकींची दाढच असते. एकदा एक विद्यार्थिनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत निघून गेली. तरी विचारते.

शुक्रवारी संध्याकाळी मी दाराच्या आत उभी असते. पावलं पहिला मजला चढतात, दुसऱ्या मजल्यावर येतात आणि थांबतात. मग खालून आवाज येतो, "बसलेय गं." मी "बरं" म्हणते आणि चहा टाकायला जाते. चार कप काढले जातात, एक परत ठेवते.

आता आम्ही तिघी आहोत, आणि जिन्यात एक स्टूल आहे.